इंडक्शन, डीसी, स्टेपर की सर्वो? मशीनसाठी मोटर निवडणाऱ्या नवख्यांसाठी

नवीन मशीन बांधायला घेतलेला किंवा जुनं मशीन ऑटोमॅटिक करायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो: "स्टेपर बसवू की सर्वो?" स्टेपर ठरावीक पावलांनी फिरते, सर्वो आपली जागा सतत तपासत फिरते. निम्म्याहून जास्त वेळा माझं उत्तर असतं, दोन्ही नको, साधी इंडक्शन मोटर लावा. उरलेल्या वेळी मी उलट विचारतो, "लोड किती आहे?" आणि तिथे गाडी अडते. लोड कुणी मोजलेलाच नसतो. मोटरीचा प्रकार ठरवणं सोपं आहे, तिच्याकडून काय काम करून घ्यायचं ते ठरवणं अवघड. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच मशीन धरतो: कुडाळच्या एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये शोभेल असं, कोकम सरबताच्या २०० मिलीच्या बाटल्या भरणारं छोटं मशीन. त्यात चार हालचाली आहेत. बाटल्या पुढे नेणारा कन्व्हेयर, सरबत ओढून बाटलीत सोडणारा पिस्टन, टोपण आवळणारं डोकं आणि नोझल वर-खाली करणारी उभी स्लाइड.

१. आधी काम कागदावर मांडा

प्रत्येक हालचालीपुढे चार गोष्टी लिहा. जोर किती लागतो? वेग किती हवा? तासाला किती वेळा सुरू-बंद होणार? आणि नेमक्या जागी थांबायचं आहे की नुसतं फिरत राहायचं आहे? पाचवी गोष्ट जागेची: पाणी, धूळ, उष्णता, आम्ल. कोकमाचं मशीन रोज संध्याकाळी पाइप लावून धुतलं जाणार, हे आजच लिहून ठेवा. ऑर्डर दिल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

जोर मोजायला महागडं यंत्र लागत नाही. लटकवून वजन करायचा स्प्रिंगचा ताणकाटा आणा, कन्व्हेयरवर भरलेल्या बाटल्या ठेवा, साखळीला काटा अडकवून हाताने ओढा आणि सरकताना काटा किती दाखवतो ते पाहा. समजा १८ किलो आला. त्याला ९.८१ ने गुणलं की सुमारे १७६ न्यूटन. स्प्रॉकेटचा व्यास १०० मिलिमीटर असेल तर त्रिज्या ०.०५ मीटर, म्हणून टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, ८.८ न्यूटन-मीटर. पट्टा मिनिटाला १२ मीटर सरकायला हवा असेल तर स्प्रॉकेट साधारण ३८ आरपीएमने फिरलं पाहिजे.

आता एकच सूत्र पाठ करा. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५५०, बरोबर किलोवॅट. ८.८ गुणिले ३८ भागिले ९५५० म्हणजे ०.०३५ किलोवॅट, अर्थात ३५ वॅट! वर्म गिअरबॉक्स वाटेत तीसेक टक्के खाईल असं धरलं तर ५० वॅट. बाटल्या अडकल्या, साखळी सुकली, थंडीत ग्रीस घट्ट झालं, यासाठी दुप्पट धरा. १०० वॅट. म्हणजे ०.१८ किलोवॅटची, पाव एचपीची मोटर इथे आरामात पुरते. बाजारात याच कामाला "एक एचपी टाका, टेन्शन नको" असा सल्ला मिळतो.

मोठी मोटर टाकली की काम सुरक्षित झालं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तिसऱ्या हिश्श्याच्या लोडवर चालणाऱ्या मोटरीचा पॉवर फॅक्टर घसरतो, कार्यक्षमता उतरते, आणि बाटली अडकली तर मोटर थांबत नाही, साखळी तुटते. ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) मोटरीच्या करंटवर लावलेला असतो, त्यामुळे एवढ्याशा लोडला तो ट्रिपही होत नाही.

२. नेमप्लेट वाचायला शिका

दुकानात किंवा भंगारात मोटर बघताना सगळ्यात आधी नेमप्लेटचा फोटो काढा. त्यावर किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम, फ्रेम, इन्सुलेशन क्लास, ड्यूटी आणि आयपी हे सगळं असतं.

आरपीएमवरून पोल, म्हणजे वायंडिंगने तयार होणारे चुंबकीय ध्रुव, कळतात. ५० हर्ट्झवर दोन पोलचं चुंबकीय क्षेत्र ३००० ने फिरतं, चार पोलचं १५०० ने, सहा पोलचं १००० ने. रोटर त्याच्या थोडा मागे राहतो, त्या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. म्हणून प्लेटवर २८८०, १४४०, ९६० असे आकडे दिसतात. काही खास कारण नसेल तर चार पोल घ्या. ती सहज मिळते आणि गिअरबॉक्सेसही तिला धरूनच बनलेले असतात.

फ्रेमचा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. ८० फ्रेमला शाफ्ट १९ मिलिमीटरचा, ९० ला २४ चा, १०० ला २८ चा. पाय असलेली बी-३, मोठ्या फ्लँजची बी-५, छोट्या फेसची बी-१४. गिअरबॉक्सला लावायची मोटर पायाची मागवली, असं अगदी नेहमी होतं. मग फ्लँज बदलायला पुन्हा आठवडा जातो.

आयपी ५५ म्हणजे धूळ आणि पाण्याचा साधा फवारा सोसणारी. रोज धुवायच्या मशीनला त्याहून वरची, आयपी ६५ किंवा ६६ मागा. केबल ग्लँडचं तोंड खाली ठेवा. काही मोटरींना तळाशी पाणी निघायचं छोटं भोक आणि बूच असतं. मोटर उभी किंवा उलटी बसवली तर ते भोक वर येतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात आत साचलेला दमटपणा बाहेर पडायला जागाच उरत नाही.

इन्सुलेशन क्लास एफ म्हणजे वायंडिंगचं इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंत टिकतं. पण प्लेटवरचा किलोवॅटचा आकडा बहुधा भोवतालचं तापमान ४० अंशांपर्यंत आहे असं धरून दिलेला असतो. चंद्रपूरला मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या खूप वर पारा जातो. तिथे एक साइज मोठी मोटर घेणं शहाणपणाचं, आणि वर मोठ्या मोटरीबद्दल जे बोललो त्याला हा रास्त अपवाद. दर १० अंश वाढीला इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम वायंडर मंडळी सांगतात आणि तो बरोबर आहे.

३. इंडक्शन मोटर: दहातली आठ कामं हिची

१८८९ च्या सुमारास डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजची पिंजऱ्याच्या रोटरची मोटर बनवली. तेव्हाचं तत्त्व आजही तेच आहे. कार्बन ब्रश नाही, चुंबक नाही, रोटरला एकही वायर नाही. बेअरिंग वेळेवर बदलली तर ही मोटर मशीनपेक्षा जास्त जगते. पंप, पंखा, कन्व्हेयर, मिक्सर, कॉम्प्रेसर, चक्की, म्हणजे जे जे नुसतं फिरत राहायचं आहे त्याला दुसरं काही शोधू नका.

थेट चालू केली की ती सहा-सातपट करंट ओढते. म्हणून साधारण ५ ते ७.५ एचपीपर्यंत डीओएल (थेट लाइनवर जोडणारा) स्टार्टर, त्यापुढे स्टार-डेल्टा (आधी स्टार, मग डेल्टा जोडणी) अशी पद्धत पडली आहे. स्टार-डेल्टामध्ये सुरुवातीचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पण टॉर्कही तिसऱ्या हिश्श्यावर येतो, हे विसरलं जातं. पंखा, रिकामा पंप ठीक आहे. माल भरलेला कन्व्हेयर किंवा अर्धी भरलेली चक्की स्टारमध्ये हलतच नाही, नुसती गुरगुरते. तिथे सॉफ्ट स्टार्टरही फारसा कामाचा नाही, व्हीएफडीच (फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह, पुढे येतो) लावा.

टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्यांकडे नीट बघा. सहा टर्मिनल असतात. एका बाजूची तिन्ही एका पट्टीने जोडली की स्टार, समोरासमोर तीन पट्ट्या लावल्या की डेल्टा. प्लेटवर "४१५ व्होल्ट, स्टार" असेल आणि कुणी डेल्टा पट्ट्या टाकल्या तर मोटर काही मिनिटांत जळते. उलट झालं, डेल्टाची मोटर स्टारमध्ये लावली, तर ती रिकामी छान फिरते आणि लोड आला की मान टाकते. यातला दुसरा प्रकार शोधायला जास्त वेळ लागतो, कारण सगळे गिअरबॉक्स उघडत बसतात.

कार्यक्षमतेसाठी आयई २, आयई ३, आयई ४ असे वर्ग आहेत आणि भारतात त्यासाठी आयएस १२६१५ हे मानक लागू आहे. ३.७ किलोवॅटच्या मोटरीत आयई २ आणि आयई ३ मध्ये साधारण दोन टक्क्यांचा फरक पडतो. तो क्षुल्लक वाटतो. पण पूर्ण लोडवर रोज १६ तास, वर्षाला ३०० दिवस चालवली तर साडेचारशेच्या वर युनिट वाचतात. दिवसातून तासभर चालणाऱ्या मोटरीला मात्र यासाठी जास्त पैसे घालू नका. आणखी एक बारकावा: वरच्या वर्गाच्या मोटरीची स्लिप कमी असते, म्हणजे ती किंचित जास्त वेगाने फिरते. पंख्याला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. जुनी मोटर काढून नवी टाकली आणि बिल कमी व्हायच्या ऐवजी जरा वाढलं, अशी तक्रार येते ती यामुळे. पुली बदलून वेग पूर्वीइतका करा.

एक फेज गेल्यावर मोटर चालू राहिली तर उरलेल्या दोन फेजमध्ये करंट वाढतो आणि वायंडिंग काळं पडतं. शेतीपंपाच्या स्टार्टरवर जो प्रिव्हेंटर (फेज गेली की मोटर बंद करणारा) असतो तोच कारखान्यातही हवा. ओव्हरलोड रिले नेमप्लेटच्या करंटवर लावा. मोटर ट्रिप होते म्हणून रिलेचा स्क्रू वर फिरवायचा, हा उपाय आपल्याकडे पिढीजात आहे. वायंडरची दुकानं त्यावरच चालतात.

४. वेग बदलायचा असेल तर व्हीएफडी

व्हीएफडी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी एकत्र कमी-जास्त करतो. ५० हर्ट्झपर्यंत टॉर्क जवळपास तोच राहतो, त्यावर गेलात तर टॉर्क उतरत जातो. आपल्या कन्व्हेयरला ३८ आरपीएम हवेत. पाव एचपीची चार पोलची मोटर साधारण १४०० ने फिरते. ३०:१ चा गिअरबॉक्स घेतला तर ५० हर्ट्झला साधारण ४७, आणि ४० हर्ट्झच्या आसपास ३८ मिळतात. गिअरबॉक्सवर जवळपास २५ न्यूटन-मीटर हाताशी राहतात, गरज ८.८ ची. हवं ते बसलं, वर-खाली करायला जागाही उरली.

नवखे इथे १०:१ चा गिअरबॉक्स घेऊन मोटर १३-१४ हर्ट्झवर चालवतात. चालते, पण तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. मोटर सावकाश फिरली की पंखाही सावकाश फिरतो आणि मोटर तापते. २० हर्ट्झच्या खाली तासन्‌तास चालवायची असेल तर वेगळ्या वीजजोडणीचा पंखा मागवा, किंवा सरळ गिअरबॉक्सचं प्रमाण बदला.

घरगुती सिंगल फेज जोडणीवरून तीन फेजची मोटर चालवता येते का? येते. २३० व्होल्ट सिंगल फेज आत घेऊन तीन फेज बाहेर देणारे छोटे व्हीएफडी मिळतात. पण ते तीन फेज २३० व्होल्टचेच देतात. म्हणून मोटर २३० व्होल्ट डेल्टामध्ये जोडता आली पाहिजे. काही मोटरींना आतूनच स्टार करून तीनच वायरी बाहेर काढलेल्या असतात, तिथे हे जमत नाही. मागवतानाच "सहा टोकं बाहेर हवीत" असं लिहून द्या.

व्हीएफडीच्या बाबतीत चार गोष्टी कधी करू नका:

- त्याच्या आउटपुटवर पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर लावू नका.
- मोटर चालू असताना व्हीएफडी आणि मोटर यांच्यातला कॉन्टॅक्टर उघडू नका.
- मोटर मेगर करताना (म्हणजे मेगरने इन्सुलेशन तपासताना) व्हीएफडीच्या वायरी सोडवल्याशिवाय बटण दाबू नका. ड्राइव्ह जातो.
- आउटपुटची केबल सेन्सरच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकू नका. शील्ड असलेली केबल घ्या आणि अर्थिंग खरोखरचं करा, नुसती हिरवी वायर लोंबकळत ठेवून नाही.

५. गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात

वर्म गिअरबॉक्स स्वस्त, आटोपशीर आणि काटकोनात बसणारा. प्रमाण वाढलं की त्याची कार्यक्षमता झपाट्याने घसरते. हेलिकल महाग, पण पॉवर वाया घालवत नाही. वर्म उलटा फिरत नाही म्हणून उभ्या लिफ्टला ब्रेक नको, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कंपनं आणि झीज झाल्यावर तो सरकतो. खाली माणूस उभा राहणार असेल तर ब्रेक हवाच.

६. डीसी आणि बीएलडीसी

ब्रशवाल्या डीसी मोटरी साखर कारखान्यांत आणि कागद गिरण्यांत जुन्या ड्राइव्हवर अजून दिसतात. नवीन मशीनला त्या घेण्याचं कारण आता जवळपास उरलेलं नाही. ब्रश झिजतात, कम्युटेटरवर कार्बनची पूड साचते, आणि ब्रश बदलणारा माणूस निवृत्त झालेला असतो. छोट्या २४ व्होल्टच्या गिअर मोटरी मात्र उपयोगी आहेत. अधूनमधून फिरणारी फ्लॅप, लेबलची रीळ, छोटा डोसर, अशा कामाला त्या स्वस्तात पुरतात.

बीएलडीसीमध्ये ब्रश नाहीत, रोटरवर चुंबक आहेत आणि कंट्रोलर करंट फिरवतो. घरोघरी आलेल्या कमी विजेच्या सीलिंग फॅनमध्ये हीच असते. बॅटरीवर चालणारी गाडी, रोलरच्या आतच मोटर असलेला कन्व्हेयर, जागा कमी आणि वेग बदलता हवा, तिथे घ्या. तिला स्वतःचा कंट्रोलर लागतो आणि एकाचा कंट्रोलर दुसऱ्याच्या मोटरला चालेलच असं नाही. मोटर आणि कंट्रोलर जोडीनेच घ्या, शक्य तर एक जोडी जास्तीची.

७. स्टेपर: स्वस्त, नेमकी, पण मुकी

आता पिस्टन. इथे नेमक्या जागी थांबायचं आहे. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर असेल तर २०० मिलीसाठी सुमारे १०२ मिलिमीटर स्ट्रोक लागतो. १० मिलिमीटर लीडचा (एका फेऱ्यात तेवढं सरकवणारा) बॉलस्क्रू लावला तर साधारण दहा फेरे. नेहमीची स्टेपर १.८ अंशांनी पुढे सरकते, म्हणजे फेऱ्याला २०० पावलं. एक पाऊल म्हणजे ०.०५ मिलिमीटर, आणि ५० मिलिमीटरच्या पिस्टनमध्ये ते होतं सुमारे ०.१ मिली. सरबतासाठी याहून बारकाई कशाला?

जोर पाहू. सीलचं घर्षण आणि सरबताचा दाटपणा धरून पिस्टनला ३०० न्यूटन लागतात असं समजू. बल गुणिले लीड, भागिले दोन पाय (२π), भागिले स्क्रूची कार्यक्षमता ०.९. उत्तर सुमारे ०.५३ न्यूटन-मीटर. दीड सेकंदात स्ट्रोक संपवायचा, त्यात वेग वाढवायला आणि कमी करायला वेळ जाणार, म्हणून मधला वेग ६०० आरपीएमच्या आसपास जातो.

दुकानदार सांगेल, "नेमा २३, दोन न्यूटन-मीटर, चौपट आहे, घ्या." नेमा २३ हे मोटरीच्या तोंडाचं माप. तो दोनचा आकडा थांबलेल्या मोटरीचा आहे, होल्डिंग टॉर्क. स्टेपरचा टॉर्क वेगाबरोबर उतरत जातो, आणि किती उतरतो ते ड्रायव्हरच्या व्होल्टेजवर अवलंबून असतं. त्याच मोटरला २४ व्होल्टवर ६०० आरपीएमला जे मिळतं आणि ४८ व्होल्टवर जे मिळतं, त्यात मोठं अंतर असतं. टॉर्क आणि वेगाचा आलेख मागा. आलेख देता येत नाही म्हणणाऱ्याकडून स्टेपर घेऊ नका. आलेखावर आपल्या वेगाला जो टॉर्क दिसेल त्याचा निम्माच वापरायचा, असं धरून चला.

का? कारण साधी स्टेपर चुकली तर सांगत नाही. कंट्रोलरने २०४० पावलं पाठवली, मोटर १९९० चालली, कंट्रोलरला वाटतं काम झालं. बाटलीत पाच मिली कमी भरलं जातं, आणि ते तुम्हाला कळायच्या आधी वैधमापन खात्याच्या निरीक्षकाला कळू शकतं. म्हणून दर चक्राला होम सेन्सरवर येऊन शून्य तपासा, किंवा एन्कोडर (शाफ्ट कुठे आहे ते सांगणारा सेन्सर) असलेली क्लोज्ड लूप स्टेपर घ्या. या मशीनसाठी माझी निवड हीच, क्लोज्ड लूप नेमा २३. सर्वोपेक्षा स्वस्त, आणि पाऊल हुकलं तर अलार्म देते.

स्टेपर तापते, अगदी थांबलेली असतानाही. हात लावून घाबरू नका, ७०-८० अंश तिला चालतात. पण तिला प्लास्टिकच्या ब्रॅकेटवर बसवू नका. एका ठराविक कमी वेगाला ती थरथरते आणि आवाज करते. मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे बारीक भाग करणं) वाढवलं किंवा तो वेग टाळला की प्रश्न सुटतो. मायक्रोस्टेपिंगने हालचाल मऊ होते. अचूकता मात्र आकड्यात दिसते तेवढी वाढत नाही.

८. सर्वो: कुठे पैसे वसूल होतात

सर्वोला मागे एन्कोडर असतो. १७ बिटचा असेल तर एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग. ड्राइव्ह सतत पाहत असतो की मोटर कुठे आहे, आणि चूक दिसली की लगेच दुरुस्त करतो. ७५० वॅटची, ३००० आरपीएमची सर्वो सुमारे २.४ न्यूटन-मीटर टॉर्क सतत देते आणि थोड्या वेळासाठी साधारण तिप्पट. आणि हा टॉर्क पूर्ण वेगापर्यंत टिकतो. स्टेपरला हेच जमत नाही.

मिनिटाला बाटल्या खूप, हालचाल झटक्यात, दोन अक्ष एकमेकांशी जुळवून चालवायचे, टॉर्क मोजून आवळायचं, अशा कामाला सर्वो घ्या. आपल्या मशीनला एकाच्या जागी चार नोझल आणि दुप्पट वेग हवा असता तर पिस्टनलाही मी सर्वोच लावली असती.

टोपणाचं डोकं बघू. मिनिटाला पंधरा-वीस बाटल्यांसाठी साधी गिअर मोटर आणि मॅग्नेटिक क्लच पुरतो. ठरलेल्या टॉर्कला क्लच घसरतो, टोपण फुटत नाही. टॉर्क किती ठेवायचा ते टोपण बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. प्रत्येक टोपणाचा टॉर्क नोंदवून ठेवायची अट ग्राहकाने घातली तर मात्र सर्वो टॉर्क मोडमध्ये. आणि नोझलची उभी स्लाइड? तिला वर आणि खाली अशा दोनच जागा आहेत. मोटर कशाला? एअर सिलिंडर लावा. पाच उंचीच्या बाटल्या चालवायच्या असतील तर सर्वो, आणि तीही ब्रेकवाली, नाहीतर वीज गेली की नोझल बाटलीवर आदळेल. तो ब्रेक धरून ठेवण्यासाठी असतो, चालती मोटर थांबवण्यासाठी नाही. प्रोग्रॅममध्ये तो थांबवायला वापरला तर लवकर संपतो.

सर्वो घेताना इथे फसगत होते:

लोडचं इनर्शिया (वेग बदलायला होणारा विरोध) मोटरीच्या इनर्शियाच्या किती पट आहे ते पुरवठादाराकडून मोजून घ्या. पाचपटीच्या आत असेल तर सुखाने झोपा, दहापटीच्या पुढे गेलं तर मोटर जागेवर थरथरते आणि ट्यूनिंग करणारा थकतो. टॉर्क पुरेसा असूनही हे होतं. मध्ये गिअरबॉक्स घातला तर लोडचं इनर्शिया प्रमाणाच्या वर्गाने कमी होतं, म्हणजे ५:१ ला पंचविसावा हिस्सा.

शाफ्टवर कपलिंग हातोडीने ठोकू नका. दुसऱ्या टोकाला एन्कोडर आहे. क्लॅम्पचं कपलिंग घ्या, ते हाताने सरकतं.

वजनदार चाक झटकन थांबवलं की ऊर्जा ड्राइव्हकडे परत येते आणि ओव्हरव्होल्टेजचा अलार्म येतो. त्याला रिजनरेशन रेझिस्टर लागतो, आणि तो कोटमध्ये बहुधा नसतो. अब्सोल्यूट एन्कोडरची (वीज गेली तरी जागा लक्षात ठेवणाऱ्या) बॅटरीही नसते. केबलही वेगळ्या लिहिलेल्या असतात. ड्रॅग चेनमधून केबल जाणार असेल तर लवचिक प्रकारचीच मागवा, साधी केबल आतून तुटते आणि दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही.

९. कोट मागवताना काय पाठवायचं, काय मागायचं

तुमच्याकडून जायला हवं: पहिल्या मुद्द्यातला कागद, मशीनचं साधं रेखाचित्र, मोटर कशी बसणार तो कोन, शाफ्टची दिशा, उपलब्ध व्होल्टेज, रोज किती तास चालणार, आणि धुणार की नाही. नुसतं "२ एचपी मोटर, बेस्ट रेट" असं पाठवलं तर उत्तरही तेवढंच येतं.

त्यांच्याकडून यायला हवं: मापांचं रेखाचित्र, टॉर्क-वेगाचा आलेख, टेस्ट सर्टिफिकेट, केबल आणि कनेक्टर किमतीत आहेत की नाहीत, ड्राइव्हचं मॅन्युअल आणि सॉफ्टवेअर, वॉरंटीच्या अटी, आणि तोच माल पुन्हा किती दिवसांत मिळेल. शेवटचं फार महत्त्वाचं. साधी मोटर पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत त्याच दिवशी मिळू शकते आणि जळली तर तालुक्याच्या गावी रिवायंडिंग होतं. सर्वो बिघडली तर ती बहुतेक वेळा बदलावीच लागते, आणि ती यायला कित्येक आठवडे लागू शकतात. कारखाना आडबाजूला असेल तर हे किमतीइतकंच धरा.

१०. मोटर आल्यावर

हाताशी असू द्या: टाँग टेस्टर (वायरीभोवती लावून करंट मोजणारा), ५०० व्होल्टचा मेगर, मल्टिमीटर, टॅकोमीटर, डायल गेज, फीलर गेज.

खोकं उघडल्यावर आधी नेमप्लेट ऑर्डरशी पडताळा. शाफ्ट हाताने फिरवून बघा. मग वायंडिंग आणि बॉडी यांच्यात मेगर लावा. नवी मोटर बरेच मेगाओहम दाखवते, एकाच्या खाली आली तर चालू करू नका. पावसाळ्यात गोदामात पडून राहिलेली मोटर आधी सुकवावी लागते. सर्वो आणि स्टेपर मेगर करण्याआधी मॅन्युअल वाचा, आणि एन्कोडरच्या वायरींना मेगर लावूच नका.

मोटर आणि गिअरबॉक्सचं अलाइनमेंट डायल गेजने करा. लवचिक कपलिंग आहे म्हणून वाकडं चालतं, असं नाही. बेल्ट असेल तर तो गिटारच्या तारेसारखा ताणू नका, पुढचं बेअरिंग आधी जातं.

पहिल्यांदा कपलिंग न लावता क्षणभर चालू करून दिशा बघा. उलटी फिरली तर कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा. मग लोड लावून तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने मोजा. तिन्ही जवळपास सारखे हवेत. व्होल्टेजमध्ये थोडासा असमतोल असला तरी करंटमध्ये तो कितीतरी पटींनी वाढून दिसतो. फरक दिसला तर मोटर परत पाठवायच्या आधी तिन्ही वायरी एक घर पुढे सरकवून पुन्हा मोजा. जास्त करंट त्याच सप्लाय फेजवर राहिला तर दोष लाइनचा, मोटरीच्या टर्मिनलबरोबर सरकला तर दोष मोटरीचा. पहिल्या बाबतीत महावितरणकडे तक्रार करण्यापूर्वी आपल्याच पॅनेलमधले सैल लग आवळून बघा.

ते तीन आकडे, तारीख आणि बेअरिंगचा नंबर पेंट मार्करने टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. ९० फ्रेमला बहुधा ६२०५ असतं, पण अंदाजाने आणू नका, प्लेट किंवा मॅन्युअल बघून लिहा. दोन बेअरिंगं त्याच दिवशी आणून शेल्फवर ठेवा, वेष्टन न फोडता.